सगळे हात वर

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. शोभेचा नाही, साहेबांच्या गाडीच्या टपावरचा तर नाहीच नाही. बूट बनवणाऱ्या एका कारखान्यात, चामडं कापायच्या विभागात, एका खांबावर मी चौदा वर्षं काम केलं. तुम्ही जुन्या छत्रीची, जुन्या खुर्चीची गोष्ट ऐकली असेल. त्या बिचाऱ्या आयुष्यभर हाल सोसतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी त्यांच्यातला नाही. मी डूख धरतो. एका माणसाने मला माझ्या कामावरून उचललं आणि त्यापायी दुसऱ्यांचं वाटोळं झालं. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि पुढेही करायचा विचार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

माझा जन्म बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात झाला. कारखान्यात वर्षातून दोनदा आगीचा सराव व्हायचा. भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं आणि बाहेर मोकळ्या जागेत रांगेत उभं राहायचं. त्या वर्षी फोरमनकाकांनी रांगेतली डोकी मोजली तर एक कमी भरलं. पुन्हा मोजली, तरी एक कमीच. धावत आत जाऊन बघतात तर सगळा विभाग ओस पडलेला, आणि कोपऱ्यात महिन्यापूर्वी कामाला लागलेली एक बाई मान खाली घालून कापलेले तुकडे रचत बसलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आजूबाजूची माणसं कधी उठून गेली ते तिला कळलंच नव्हतं. फोरमनकाका समोर येऊन उभे राहिले तेव्हा तिने हसून त्यांना तुकड्यांचा ढीग दाखवला. बघा, किती झाले.

फोरमनकाकांनी तिला हाताला धरून बाहेर नेलं. ते तसेच वायरमनच्या खोलीत गेले. काही जण म्हणाले की तिला झाडझुडीला ठेवा, कशाला ही जोखीम. फोरमनकाका म्हणाले, "आपल्याला तिला हाक मारता येत नाही, आणि शिक्षा तिला? वायरमन, तिला दिसेल असं काहीतरी कर. संध्याकाळच्या आत."

वायरमनने भंगारातून एका ट्रकच्या मागच्या दिव्याची लाल काच आणली, बिस्किटांचा डबा कापला, आत बल्ब बसवला आणि मला भोंग्याच्या तारेला जोडलं. भोंगा वाजला की मी पेटायचो. भोंगा थोड्या वेळाने आपोआप गप्प व्हायचा, पण मी विझायचो नाही. मला विझवायला फोरमनच्या टेबलावर एक किल्ली होती. कोणाच्या कोपराचा धक्का लागून मी विझू नये, म्हणून बटण न ठेवता किल्ली ठेवली होती. वायरमन बोलायला फटकळ, पण कामाला पक्का. मी दिसायला ओबडधोबड होतो, डब्यावरचं बिस्किटाचं चित्र सुद्धा त्याने खरवडलं नव्हतं. मला त्याची कधी लाज वाटली नाही.

आता त्या विभागाचं काम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तिथे कापणीच्या अकरा प्रेस होत्या. चामडं खाली पसरायचं, त्यावर लोखंडी साचा ठेवायचा, की प्रेस वरून येऊन दाबते आणि बुटाचा तुकडा कापला जातो. हात मध्ये राहिला तर चामडं काय आणि हात काय, प्रेसला फरक कळत नाही. या प्रेस जुन्या होत्या आणि त्यांना एक खोड होती. वीज जाऊन परत आली की त्या एकदा आपणहून खाली येत. म्हणून प्रेसमध्ये काही अडकलं, की तोच आगीचा भोंगा वाजवून वीज तोडायचे, आणि फोरमनकाकांचा नियम असा होता: सगळ्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर करायचे. काकांनी सगळे हात डोळ्यांनी बघायचे, मग वीज सोडायची, प्रेस एकदा खाली येऊन वर जाऊ द्यायच्या, आणि मग किल्ली फिरवून मला विझवायचं. त्यानंतरच हात खाली.

आणि त्या बाईला चामडं कापायला शिकवलं ते मामांनी. मामा म्हणजे विभागातले सगळ्यात मुरलेले कारागीर. कोणाचेच ते सख्खे मामा नव्हते, पण सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. शिकवायचं तर बोलावं लागतं असं त्यांना आधी वाटायचं. मग त्यांनी तिचा हात धरून चामड्यावर फिरवला. इथे जाड, इथे पातळ, इथे जनावराला काटा लागला होता, हा भाग टाकायचा. वर्षभरात अशी गत झाली की चामड्यातला दोष मामांच्या डोळ्यांना दिसायच्या आत तिच्या बोटांना लागायचा. मामा कौतुकाने तिच्या पाठीवर थाप मारायचे आणि दुसऱ्या शिकणाऱ्यांना म्हणायचे की तुम्हाला दोन-दोन कान आहेत, जरा त्यांचा उपयोग करा.

तिला पहिली प्रेस मिळाली, ओट्यावरची. मी तिच्या अगदी समोरच्या खांबावर होतो, तिच्याकडे तोंड करून. बाकीच्या दहा जणांना माझी नुसती पाठ दिसायची, म्हणजे डब्यावरचं बिस्किट. मी विझलो की नाही हे फक्त तिलाच दिसायचं. म्हणून सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचे हात वर म्हणजे आपले वर, तिने खाली घेतले की आपले खाली. कोणी ठरवलं नव्हतं, सवयीने झालं. जिला एकेकाळी आगीत विसरून सगळे बाहेर गेले होते, तिच्या हातांवर आता वीस हात अवलंबून होते. लोक तिला सिग्नलताई म्हणायला लागले. तिची धाकटी बहीण शिवणकामात होती. तिने हे नाव तिला खुणेने सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला.

पण नियमाच्या बाबतीत ती खट होती. एकदा भोंगा वाजला तेव्हा मालक स्वतः विभागातून चालले होते, कानाला फोन लावून. सगळ्यांचे हात वर. वीज आली, प्रेस खाली येऊन गेल्या, मी विझलो, तरी सिग्नलताई हात खाली घेईना. ती मालकांकडे एकटक बघत होती. खोलीतले सगळे हात वर पाहिजेत, मग तो हात कोणाचाही असो. फोरमनकाकांनी कपाळाला हात लावायचा बाकी ठेवला. शेवटी मालकांना उमगलं. त्यांनी फोन खिशात टाकला आणि दोन्ही हात वर केले. मग तिने मान हलवली आणि हात खाली घेतले. मालक जाताना म्हणाले, "हिच्या हाताखाली माझा कारखाना सुखरूप आहे." हे वाक्य मी जपून ठेवलंय.

चौदा वर्षांत त्या विभागात कोणाचं नख सुद्धा गेलं नाही.

मग फोरमनकाका निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी वरच्या मजल्यावर एक नवे साहेब आले. कर्मचाऱ्यांचं कल्याण, प्रशिक्षण, सगळ्यांना सामावून घेणं, हे सगळं त्यांच्या खात्यात होतं. ते रोज टाय लावायचे, उन्हाळ्यातही, म्हणून लोक त्यांना टायसाहेब म्हणायचे. मी सुरुवातीला त्यांच्यावर खूश होतो हे कबूल करतो. पहिल्याच आठवड्यात ते आमच्या विभागात आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांचे डोळे पाणावले. ते म्हणाले की अख्ख्या कारखान्यात याच्याइतकी मोलाची वस्तू नाही. मी हुरळून गेलो. मेलं ते हुरळणं.

कंपन्यांच्या एका मंडळाकडून दरवर्षी एक मान मिळायचा, कर्मचाऱ्यांना सगळ्यात चांगलं सांभाळणाऱ्या कंपनीला. टायसाहेबांना तो हवा होता. त्यासाठी पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. आणि पाहुणे काही चामड्याच्या वासात येऊन खांबाकडे बघणार नव्हते. म्हणून एका सकाळी मला खांबावरून उतरवलं, डबा घासूनपुसून बिस्किट पुसून टाकलं, आणि पुढच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवलं. खाली पितळी पाटी बसवली: "कोणालाही मागे न ठेवणारा आमचा दिवा". त्याखाली मला पेटीत ठेवल्याची तारीख, आणि त्याखाली टायसाहेबांचं नाव. तारीख कोरून घ्यायची हौस त्यांची स्वतःची. ती लक्षात ठेवा.

सिग्नलताई बहिणीला घेऊन वर गेली. बहिणीने विचारलं की दिवा नेलात, आता हिला कळणार कसं? टायसाहेब खूप गोड बोलले. तिच्यासाठी मनगटावर थरथरणारा नवीन पट्टा येतोय, आठ दिवसांत. तोपर्यंत नवा फोरमन हात हलवून तिला खूण करेल. पट्टा खरंच आला. तो तिच्या मनगटावर बांधून तिचा फोटो काढला, आणि नमुन्याचा होता म्हणून परत गेला. फोटो मात्र हॉलमध्ये माझ्या शेजारीच लागला. त्यात ती हसते आहे. आठ दिवसांचा दीड महिना झाला.

त्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मी काचेत होतो. पण भोंगा मी ऐकला. चौदा वर्षं भोंगा वाजला की मी पेटलो होतो. त्या दिवशी तो वाजला आणि मी थंड, काळा, चकचकीत. पुढचं मी ये-जा करणाऱ्यांकडून ऐकलं. वीज तोडली होती, सगळ्यांचे हात वर होते. नवा फोरमन टेबलापाशी उभा होता. दारात कोणीतरी चामड्याचे गठ्ठे घेऊन आलं, आणि फोरमनने त्याला हात हलवून सांगितलं, ये, ये आत. सिग्नलताईला वाटलं, ही आपलीच खूण. तिने हात खाली घेतले. तिचे हात खाली आले म्हणून मामांनी खाली घेतले आणि साच्याखाली अडकलेला तुकडा ओढायला हात घातला. तेवढ्यात वीज आली. प्रेसने तिची जुनी खोड केली.

मामांची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी माझ्यासमोरच्या खोलीत झाली, काचेच्या दारामागे. मला सगळं दिसत होतं. नवा फोरमन म्हणाला की मी तिला खूण केलीच नव्हती, आणि ते खरंही होतं. मामा हाताला पांढरं गाठोडं बांधून बसले होते. त्यांना विचारलं तेव्हा ते सिग्नलताईकडे न बघता म्हणाले, "तिने हात खाली घेतले, म्हणून मी घातला." तेही खरंच होतं. बहीण उठून म्हणाली की दिवाच जागेवर नव्हता, तिचा काय दोष? त्यावर टायसाहेबांनी टाय सारखा केला. ते म्हणाले की तो मुद्दा वेगळा आहे, आपण भावनेच्या भरात जायला नको, आणि जे काही करू ते तिच्याच सुरक्षिततेसाठी करू.

तिच्या सुरक्षिततेसाठी तिला गोदामात पाठवलं, खोक्यांना दोरी बांधायला. ज्या बोटांना चामड्यातला काटा कळायचा त्या बोटांना आता सुतळी. तिच्या प्रेसवर दुसरा कोणी बसला. आणि मामा तिच्याशी बोलेनासे झाले, म्हणजे त्यांची ती हातावर हात ठेवून बोलायची रीतच बंद झाली. त्यांना हात पुढे करायची लाज वाटत होती की राग येत होता, मला सांगता येणार नाही.

गोदामाची वाट हॉलमधून जायची. सुरुवातीला ती रोज माझ्यासमोर थांबायची, काचेवर बोट टेकवायची. मग नुसती बघून जायला लागली. मग बघेनाशी झाली. मित्रांनो, लोक म्हणतात दुर्लक्ष झालं की वस्तू गंजते. खोटं आहे. माझ्यावर दिवसातून दोनदा फडकं फिरत होतं, पाहुणे वाकून वाकून बघत होते, आणि मी आतून जळत होतो, बल्ब न पेटता. मला सूड हवा होता. टायसाहेबांची मान खाली गेलेली मला बघायची होती, आणि तीही माझ्याच उजेडात. पण दिवा सूड कसा घेणार? त्याला दोनच गोष्टी येतात, पेटणं आणि विझणं. मी ठरवलं की एक दिवस संधी मिळेल तेव्हा मी या दोन्हींपैकी एक गोष्ट करणार नाही.

एका दुपारी मामा काही कागद द्यायला हॉलमध्ये येऊन बसले होते. तेवढ्यात टायसाहेब एका फोटोवाल्याला घेऊन आले. मामा कोपऱ्यात होते, त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. टायसाहेब माझ्याकडे हात करून सांगत होते की या दिव्याने आजवर आमच्या प्रत्येक कामगाराचे हात वाचवले, आणि आजही वाचवतोय. फोटोवाल्याने मान डोलावली, चार फोटो काढले, दोघे गेले. मामा उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. शेजारच्या फोटोत हसणाऱ्या सिग्नलताईकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग उरलेल्या तीन बोटांनी काचेवर टकटक केली आणि हळूच म्हणाले, "तू इथे काय करतोयस रे?"

मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

मंडळाचे पाहुणे यायचा दिवस ठरला. टायसाहेबांना नुसती पेटी पुरेशी वाटेना. पाहुण्यांसमोर मी खरोखर पेटलो पाहिजे, भोंगाही वाजला पाहिजे, थोडं खरं वाटायला हवं. वायरमनला बोलावलं. वायरमनने मला पुन्हा भोंगा जोडला, भाषणाच्या टेबलावर बटण बसवलं, आणि विझवायला पेटीच्या बुडाशी तीच जुनी किल्ली लावली. त्याने टायसाहेबांना दोनदा सांगितलं की साहेब, बटणाने फक्त पेटेल, विझेल ते किल्लीनेच. टायसाहेब फोनवर होते. त्यांनी हाताने खूण केली, हो हो, झालं ना, जा. मग वायरमन गोदामात गेला आणि ती किल्ली सिग्नलताईच्या हातात ठेवून आला. का ठेवली ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. वायरमनने तारा जोडताना माझ्या बुडावर थाप मारली होती. तेवढ्यावरून मी काय ते समजलो.

तो दिवस उजाडला. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. कापणीवाल्यांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं, धुतलेल्या कपड्यांत. मागे शिवणकामवाल्या, त्यात ती बहीण. समोर मालक, आणि त्यांच्याशेजारी मंडळाच्या पाहुण्या बाई, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर फाइल घेऊन बसलेल्या. सिग्नलताईला बोलावलंच नव्हतं. तिच्यावर भाषण होतं, म्हणून ती गोदामात.

टायसाहेब छान बोलले. एक बाई, जिला ऐकू येत नव्हतं, आणि एक कंपनी, जिने तिचं ऐकलं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी बटण दाबलं.

भोंगा वाजला आणि मी पेटलो. मित्रांनो, कित्येक महिन्यांनी पेटलो. सगळा हॉल लाल झाला. आणि पहिल्या रांगेतले दहाच्या दहा जण, काही न ठरवता, दोन्ही हात डोक्यावर करून बसले. चौदा वर्षांची सवय, हातांना थोडंच कळतं की हा कार्यक्रम आहे. पाहुणे हसले, पुन्हा टाळ्या वाजल्या. टायसाहेबांना वाटलं, हे तर सोन्याहून पिवळं झालं. भोंगा गप्प झाला. ते म्हणाले, "धन्यवाद, आता हात खाली घ्या."

आठ-नऊ हात खाली यायला लागले होते. पण मामांचे हात वरच राहिले. डावा पाच बोटांचा, उजवा तीन बोटांचा. ते बघून बाकीच्यांचे हात पुन्हा वर गेले. टायसाहेब पुन्हा म्हणाले, थोडं हसून. कोणी हललं नाही. त्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, चार वेळा दाबलं. मी विझलो नाही. मी कशाला विझतोय? मला असा आनंद झाला होता की बल्बची तार तुटली असती तरी पर्वा नव्हती.

टायसाहेबांनी वायरमनला सांगितलं की वीज बंद कर. पाहुण्या बाईंनी हात केला. "राहू द्या. मला हे समजून घ्यायचंय. हे लोक हात खाली का घेत नाहीत?"

 तेव्हा मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "दिवा विझला की नाही हे आम्ही बघत नाही, बाई. ते बघणारी एक आहे. तिने हात खाली घेतल्याशिवाय आम्ही घेत नाही. एकदा मी तिच्या हातांना दोष दिला. तो दोष तिचा नव्हता. तिचा दिवा इथे होता, या पेटीत."

पाहुण्या बाईंनी विचारलं की ती कुठे आहे. मागून बहीण म्हणाली, "गोदामात. सुतळी बांधतेय."

वायरमन जाऊन तिला घेऊन आला. ती दारात थबकली. अंगावर गोदामाची धूळ, मुठीत किल्ली. लाल हॉल, वर गेलेले वीस हात, आणि त्यात मामांचा तो हात. तिने तो बघितला आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही परत फिरणार. मामांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, प्रेसवर हलवायचे तशीच. ती पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि किल्ली फिरवायच्या आधी तिने आपले दोन्ही हात वर केले.

मालकांना जुनं आठवलं. ते उठले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मागच्या बायकांनी केले. पाहुण्या बाईंनी फाइल खाली ठेवून केले. आता हॉलमध्ये हात खाली असलेला एकच माणूस उरला. त्याच्या एका हातात माइक होता आणि दुसऱ्या हाताचं बोट बटणावर होतं.

सिग्नलताई त्याच्याकडे बघत राहिली. खोलीतले सगळे हात वर पाहिजेत, मग तो हात कोणाचाही असो. टायसाहेब इकडे बघत होते, तिकडे बघत होते. त्यांनी हसून बघितलं, घड्याळ बघितलं. कोणी मदतीला आलं नाही. शेवटी त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि आधी एक हात वर केला, मग दुसरा. टाय वाकडा झाला होता, पण तो सारखा करायला हात मोकळा नव्हता. मी त्यांच्या तोंडावर माझा सगळा लाल उजेड टाकला. जितका होता तितका टाकला, हातचं काही राखलं नाही.

तिने लगेच हात खाली घेतले नाहीत. बराच वेळ घेतले नाहीत. मग एक हात खाली घेऊन तिने किल्ली फिरवली. मी विझलो. मग तिने दुसरा हात खाली घेतला, आणि सगळ्यांनी घेतले. ती बहिणीकडे वळून हातांनी काहीतरी बोलली, मोजकंच. बहीण म्हणाली, "ती विचारतेय, मामांची बोटं गेली त्या दिवशी माझा दिवा कुठे होता, हे कोणी लिहून ठेवलंय का?"

पाहुण्या बाईंनी फाइल उघडली, कंपनीने मंडळाला पाठवलेल्या कागदांची. त्यात टायसाहेबांच्या सहीने लिहिलं होतं की अपघाताच्या वेळी दिवा खांबावर जागेवरच होता, आणि कामगार महिलेचं दुर्लक्ष झालं. बाई फाइल घेऊन माझ्याजवळ आल्या आणि खाली वाकून पितळी पाटी वाचली. तारीख वाचली. मग फाइलमधली अपघाताची तारीख वाचली, दोन्ही मोठ्याने. मध्ये दीड महिना होता. पितळेत कोरलेलं काही खोडता येत नाही. बाईंनी मालकांकडे बघितलं आणि फाइल मिटली. मान त्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी गेला.

दुसऱ्या दिवशी मी खांबावर होतो. वायरमनने मला जागेवर ठोकताना एवढंच म्हटलं, "बस आता इथे." सिग्नलताई ओट्यावरच्या प्रेसवर परतली. मामांना आता प्रेस चालवता येत नाही. ते शिकणाऱ्यांना चामडं ओळखायला शिकवतात, आणि अडलं की शिकणाऱ्याचा हात सिग्नलताईच्या हातात देतात. त्यांची बोटं मात्र आली नाहीत. हे मी कोणाला विसरू देणार नाही. सूड घेतल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं निम्मंच झालं.

टायसाहेब अजून इथेच आहेत. मालकांनी त्यांना काढलं नाही. त्यांच्या खात्यात एक काम जास्त दिलं. भोंगा, दिवा आणि किल्ली दर सोमवारी स्वतः तपासून सही करायची. पितळी पाटी सिग्नलताईने मागून घेतली आणि वायरमनकडून माझ्याखाली खांबावर ठोकून घेतली. दर सोमवारी टायसाहेबांना ती वाचावी लागते.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे, तर मागतो. मला पुसू नका, माझं कौतुक करू नका, मला काचेत ठेवून माझ्यावर भाषणं करू नका. ज्याच्यासाठी मला बनवलं त्याच्यासमोर मला राहू द्या. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाचे तरी साहेब व्हाल, तेव्हा एखाद्याला मदतीची वस्तू दिलीत तर ती त्याच्याकडेच ठेवा, दाखवायला परत मागू नका.

आणि हो, टायसाहेब सोमवारी येतात ते सकाळी लवकर, प्रेस सुरू व्हायच्या आधी. सही करतात आणि लगबगीने निघून जातात. कामाच्या वेळी ते आमच्या विभागाच्या लांबूनच वळसा घालून जातात. पण कारखाना मोठा आहे आणि त्यांची नोकरी अजून बरीच वर्षं आहे. कधीतरी ते अकरा प्रेसच्या मधोमध असताना भोंगा वाजेल. सिग्नलताईचे हात वर जातील आणि ती त्यांच्याकडे बघत राहील. तिला घाई नसते, आणि मला तर नाहीच नाही.